आधी उभी घडी

२ फेब्रुवारी, रविवार

वॉर्डाचा नकाशा आज पुरा. राहिलेली अकरावी गल्ली सकाळी टेपनं मोजली. मंजूर रुंदी वीस फूट, जागेवर सतरा फूट चार इंच. दोन फूट आठ इंच बोराडेच्या ओट्याखाली गेले. लाल शाईत नोंद केली. (यापुढं त्याला नुसतं बो. लिहीन. प्लॉटांच्या दलालासाठी जास्त शाई घालवायची नाही.)

सहा वर्षं लागली या कागदाला. बारा वर्षांपूर्वी आम्ही इथं राहायला आलो तेव्हा नऊ घरं, बाकी सगळं तुरीचं रान. आता उस्मानपुऱ्याहून येणारा रिक्षावालासुद्धा गल्ली चुकतो. निम्म्या घरांचे प्लॅन माझ्या हातचे. सही डिग्रीवाल्याची, रेघ माझी. सातवी पास माणसानं दुसऱ्याच्या ट्रेसिंग टेबलाशी उभं राहून, बघून बघून उचललेली रेघ. लोक मला नकाशेवाले म्हणतात. आडनाव फारसं कुणाला ठाऊक नाही. त्याचं वाईट वाटत नाही.

दिव्याचा प्रत्येक खांब, प्रत्येक चेंबर, पाण्याची प्रत्येक लाईन कागदावर आली आहे. नगरसेवक व्हायला याहून जास्त काय लागतं ते कुणी मला सांगावं.

उद्या आरक्षणाची सोडत. कुलकर्णी अण्णा बरोबर येणार. त्यांची सारी नोकरी तहसिलात, निवडणुकीचे कागद सांभाळण्यात गेली.

३ फेब्रु., सोमवार

महिला.

एका चिठ्ठीत गेलं. लहान मुलीनं बरणीत हात घातला, साहेबांनी चिठ्ठी वाचली, पुढच्या वॉर्डाची चिठ्ठी निघाली. सहा वर्षं आणि अर्धं मिनिट.

बो. मागच्या रांगेत होता. खांद्यावर हात ठेवला. "रंगनाथराव, वहिनींना उभं करा की. आमची शोभा तर राहणारच उभी." हात बाजूला केला.

अण्णा म्हणाले, शेजारचा वॉर्ड खुला निघालाय, तिथून भरा. म्हटलं, तो मी मोजलेला नाही.

घरी आलो तर ही फाटकात. भोवती चार बाया. कुणाच्या गल्लीला उद्या पाणी, कुणाला परवा, ते सांगणं चाललेलं. रोजचंच. मला बघून विचारलं, "काय निघालं?"

"बायका."

"म्हंजे तुम्ही नाय." एवढंच म्हणाली, आणि परत पाण्याकडं वळली.

५ फेब्रु., बुधवार

दोन दिवस विचार केला. सकाळी चहा घेताना हिला सांगितलं. तू फॉर्म भर. उभी तू राहायचं, बघायचं सगळं मी.

"मला काय येतंय त्यातलं?"

"सही येते ना. तेवढं बास."

"सही कशावर?"

"मी सांगेन त्यावर."

बशीतला चहा संपवला. मग म्हणाली, "बरं." मला वाटलं होतं नाही म्हणेल, मग समजूत घालावी लागेल. समजूत कशी घालायची ते योजून ठेवलं होतं. वाया गेलं.

११ फेब्रु., मंगळवार

फॉर्म भरला. अक्षर माझं, प्लॅनवर काढतो तसं सुटं, उभं, एका उंचीचं. घेणारे साहेब म्हणाले, टाईप केलाय काय? बरं वाटलं.

मग त्यांनी शपथेचा कागद हिच्यापुढं सरकवला. मोठ्यानं वाचा म्हणाले. मी वाचतो म्हटलं. "तुम्ही उमेदवार आहात का?" लोक हसले.

हिनं वाचली. कुठं अडली नाही. जिथं थांबायचं तिथं थांबली. साहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं. "छान वाचता, बाई."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. ही मोठ्यानं वाचताना मी आज पहिल्यांदा ऐकली. घरात पेपर मी वाचतो, ही ऐकते.

येताना रिक्षात म्हणालो, शपथ फार सावकाश वाचलीस. म्हणाली, "व्हय का? पुढच्या वेळी बघते."

१९ फेब्रु., बुधवार

चिन्हं वाटली. उमेदवार सहा. शिक्क्याच्या कागदावर, म्हणजे मतपत्रिकेवर, हिचं नाव तिसरं, बो.च्या बायकोचं चौथं. अपक्षांना कपबशी, छत्री, शिलाई मशीन असली चिन्हं होती. मी छत्री घे म्हटलं होतं. पाच रेघांत येते, भिंतीवर लांबून ओळखू येते. साहेबांनी विचारलं तर हिनं मशीन सांगितलं.

बाहेर आल्यावर विचारलं, असं का?

"कॉलनीतल्या बायांनी मला मशीनवरच बघितलंय. छत्री घेऊन कवा फिरले मी?"

अण्णांनी मान डोलावली. माझ्याकडं न बघता.

२४ फेब्रु., सोमवार

चार दिवस मशीन काढतोय. घरातलंच समोर ठेवून. मापं घेतली. चाकाला आठ आरे आहेत हे मला माहीत नव्हतं. पट्टा दोन ठिकाणी सांधलेला, तोही हिनंच सांधलेला, टाका इतका बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. घर कुठलंही असो, पंचवीस वर्षं एकाच खोलीत मी बोर्ड लावून बसतो, माझी पाठ मशीनकडं.

आज मारुतीच्या देवळासमोरच्या भिंतीवर चित्र उतरवलं. आरे आठ, सुई, खाली पायडल, सगळं मापात. शिडीवरून उतरत होतो तेव्हा दोन बाया चालल्या होत्या.

"बघ, ताईंचं मशीन हुबेहूब काढलंय."

"ताईंचं कामच तसं असतं."

मी शिडीवर होतो. हातात ब्रश होता. बोटाला रंग होता.

२७ फेब्रु., गुरुवार

घरोघर फिरणं सुरू. पहिली ते तिसरी गल्ली. माझ्याकडं फाईल आणि नकाशाची गुंडाळी. हिच्याकडं काही नाही, पदर नुसता.

दार उघडलं की, "या ताई, या." मग ही आत. बाळंतीण कशी आहे, सासूचा गुडघा काय म्हणतो, पाणी किती वाजता आलं. मी ओट्यावर. तिसऱ्या गल्लीत एका घराचा प्लॅन मी केलेला, जिन्याच्या पायऱ्या पावणेसात इंचाच्या, मुद्दाम, कारण घरात म्हातारं माणूस होतं. तो मालक मला म्हणाला, "आपण ताईंचे मिस्टर का?"

त्याच जिन्यावर उभा राहून म्हणाला.

फाईल एकदाही उघडली गेली नाही.

लिहायचं ठरवलंय तर खरं लिहितो. पोटात दुखतं. बो.नं सगळी गल्ली खिशात घातली असती तरी इतकं दुखलं नसतं. त्याच्याशी माझं भांडण आहे. हिच्याशी काय आहे? आणि ही काही करते असंही नाही. हिला बघून लोकांचे चेहरे सैल होतात. मला बघून सावध होतात, कुठं इंच चुकला की काय म्हणून.

२ मार्च, रविवार

पहिली कॉर्नर सभा, सहाव्या गल्लीच्या तोंडाशी. भाषण मी लिहिलं होतं. चार पानं, मुद्दे अकरा. हिनं घडी करून बटव्यात ठेवलं. मला वाटलं, उभी राहिली की काढेल. काढलं नाही.

पाच मिनिटं बोलली. मी मागं नकाशा टांगून, काठी घेऊन उभा. सहाव्या गल्लीतला एक जण उठला. आमच्याकडं शेवटच्या दहा घरांना पाणी का येत नाही? हा मुद्दा माझा. मी काठी लावून सांगितलं, लाईन गल्लीच्या टोकापर्यंत आहे, हे बघा, निळी रेघ, दोष प्रेशरचा.

ही मागं वळून म्हणाली, "नाय हो. लाईन लिंबाच्या झाडापाशी संपते. पुढं नुसते नळ बसवलेत, खाली पाईपच नाय. ठेकेदारानं तिथंच सोडून दिलंय काम."

 मग व्हॉल्व्ह सोडणारे शेख चाचा मागून बोलले. "बाई सच बोल्ती. नीम के पास खल्लास है लाईन. नकाशे में पानी है रंगनाथभाई, जमीन में नै."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. नकाशा माझ्या मागं वाऱ्यानं हलत होता. टाळ्या पडल्या त्या हिला.

 जेवताना म्हणाली, "मी बोलायला नको होतं का?" म्हटलं, भात वाढ.

३ मार्च, सोमवार

सकाळी सातला चाचांना घेऊन सहाव्या गल्लीत. सळई ठोकत गेलो. लिंबाच्या झाडाअलीकडं दर खेपेला लोखंड लागत होतं. पलीकडं माती. चार ठिकाणी पाहिलं, चारी ठिकाणी माती. लिंबापासून गल्लीच्या टोकापर्यंत एकशे बारा फूट पाईप नाही.

ही रेघ मी ऑफिसातल्या मंजूर प्लॅनवरून उतरवली होती. जमीन मोजली, खांब मोजले, ओटे मोजले. जमिनीखालचं कागदावरून घेतलं. दुसऱ्या कुणाच्या कागदावर मी आयुष्यात विश्वास टाकला नाही. टाकला तो नेमका इथं.

चाचांना विचारलं, हिला कसं ठाऊक?

"वो तो दस साल से पूछती मेरे कू. पानी किधर तक गया, कौन से नल कू आया, कौन से कू नै. हौ, रोज. इत्ता तो साहब लोगां भी नै पूछते."

दहा वर्षं. मी सहा वर्षं मोजत होतो तेव्हा हिची दहा झालेली. फाटकात उभी राहून बाया गप्पा मारतात असं मी समजत होतो.

एकशे बारा फूट निळी रेघ खरवडून काढली. ब्लेडनं. कागद तिथं पातळ झालाय. हिला सांगितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

चार दिवस बोलणं कामापुरतं. चहा, किल्ली, बॅनर कुठाय.

गंगापूरहून वर्षा आली, जीपनं, प्रचाराला. आईच्या गळ्यात पडली. मला नमस्कार. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसली. लहानपणी बसायची तशी, पेन्सिली लावत.

"बाबा, आई निवडून यायला नको वाटतंय का तुम्हाला?"

"काय बोलतेस. एवढं मी कुणासाठी करतोय?"

"तेच विचारतेय."

पेन्सिलीला टोक करायला घेतलं. एक टोक करता करता अर्धी पेन्सिल संपली. ती उठून आत गेली. मायलेकी कशावर तरी हसल्या. माझ्यावर नसतील. पण कान तिकडंच.

१० मार्च, सोमवार

हे पान लिहू का नको असं झालं. लिहितो.

बो.नं निरोप धाडला, ऑफिसात या, कामाचं आहे. गेलो. खुर्ची दिली. म्हणाला, "रंगनाथराव, सगळ्या वॉर्डात खरा अभ्यास कुणाचा असेल तर तुमचा. आणि लोक काय म्हणतात तुम्हाला? ताईंचे मिस्टर. मला बघवत नाय."

मलाही बघवत नव्हतं, म्हणून ऐकत बसलो.

"उद्या वहिनी आल्या निवडून, तर तुम्ही काय करणार? सभागृहाबाहेर पिशवी धरून बसणार? त्यापेक्षा नकाशा मला द्या. हजार प्रती छापतो. खाली ठळक अक्षरात, नकाशा रचना, आणि तुमचं पूर्ण नाव. आडनावासकट. वर मात्र आमच्या मंडळींचं चिन्ह."

माझं नाव छापून आलेलं मी कधीच बघितलेलं नाही. शंभर प्लॅन केले असतील, प्रत्येकावर दुसऱ्याची सही.

विचार करतो म्हटलं. नाही म्हटलं नाही.

११ मार्च, मंगळवार

नकाशा गुंडाळून दुपारी बो.कडं गेलो. ही आठव्या गल्लीत होती. कुणाला सांगितलं नाही.

त्यानं टेबलावर पसरला. वा वा म्हणाला. चहा मागवला. कप आला तो त्यानं घेतला आणि ठेवला नकाशावर. अकराव्या गल्लीवर. उचलला तर गोल डाग. पुसायला गेला हाताच्या तळव्यानं. शाई पसरली.

मी गुंडाळला आणि निघालो. तो मागून, "अहो, डाग काय, छपाईत नाय येणार!"

वहीत खोटं लिहीत नाही. त्यानं कप बशीत ठेवला असता तर नकाशा आत्ता त्याच्याकडं असता.

घरी ही आलेली. गुंडाळी बघितली, माझ्याकडं बघितलं. "कुठं गेला होता?"

"मोजायला."

"काय?"

"अकरावी गल्ली. परत एकदा."

पाणी दिलं. काही विचारलं नाही. हिचं न विचारणंही आता मला टोचतं. चाचांना दहा वर्षं रोज विचारते, मला एकदाही पुढचा प्रश्न नाही.

१६ मार्च, रविवार

आजचा दिवस माझा.

अण्णा म्हणाले, नव्या वस्तीत मतं फार बाद होतात. शिक्का बरोबर मारतात, घडी चुकते. ओली शाई दुसऱ्या नावावर उमटते, टेबलावर वाद होतो, कागद बाद. शिकवलं पाहिजे. मी म्हटलं, माझ्याकडं सोपवा.

बोर्डावर खोटे कागद आखले. सहा ओळी, सहा चौकटी, मापात. देवळाच्या पटांगणात पन्नासेक माणसं, बाया जास्त. मी समोर. सांगितलं, कागद हातात आला की आधी उभी घडी. डावी कड उजवीवर. म्हणजे शाई उमटली तरी त्याच ओळीत उमटणार. मग आडवी. उलटं केलं, आधी मधोमध आडवं दुमडलं, तर काय होतं बघा. तिसऱ्या ओळीवर शिक्का मारून आडवी घडी करून दाखवली. उघडली. चौथ्या ओळीवर ठसा. फिका आणि उलटा, पण ठसा.

"आगं बया," एक म्हातारी म्हणाली, "मशीनला द्यायचं नि जायचं बोराडेच्या बाईला."

सगळ्यांकडून करून घेतलं. एकेकीचा हात धरून नाही, पण बोट दाखवून. आधी उभी, मग आडवी. पोरं तेच म्हणत गल्लीतून पळत गेली. मला कुणी ताईंचे मिस्टर म्हणालं नाही. "काका, ही बरोबर का?" "काका, माझी बघा." दोन तास.

ही पण बायांत बसलेली. हिनं घडी चुकवली. मी सगळ्यांसमोर दुरुस्त केली.

"तुमच्यासारखी नाय जमत मला," म्हणाली.

बरं वाटलं. जेवलोही नीट. मग आठवलं, पट्ट्याचा तो सांधा. दिसणार नाही असा टाका घालणारे हात, आणि कागदाची घडी चुकते? माझ्यासाठी चुकवली असेल तर तो दिवसही तिनंच मला दिला. झोप लागेपर्यंत एवढंच डोक्यात.

२० मार्च, गुरुवार

शेवटची सभा. हिनं आज नकाशा मागून घेतला. स्वतः टांगला. म्हणाली, "हे आमच्या ह्यांचं सहा वर्षांचं काम. एक रेघ चुकली होती. ह्यांनी जाऊन जमिनीत सळई ठोकून बघितली आणि खोडली. चूक खोडणारा माणूस मी पालिकेत दुसरा बघितला नाय."

म्हणजे तिला माहीत होतं. चाचांनी सांगितलं असणार. कागद तिथं पातळ झालाय, उन्हात आरपार दिसतो, तेही सगळ्यांना दिसलं.

टाळ्या झाल्या. या वेळी काही माझ्याकडं वळून. हात जोडले. वर्षाच्या डोळ्यांत पाणी. अण्णांनी पाठ थोपटली.

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला. पण माझी स्तुती करणारी ही, हे डोक्यातून जात नाही. मंचावर ती, आणि तिनं हात केला की उजेडात मी. लिंबापलीकडच्या नळांसारखं. दिसायला सगळं नीट.

माझा स्वभाव वाईट आहे असं आज पहिल्यांदा लिहितोय.

२२ मार्च, शनिवार

प्रचार बंद. घर शांत. ही सकाळपासून मशीनवर. कुणाच्या तरी साड्यांचे फॉल राहिलेत म्हणे. निवडणूक असो नसो. मी बोर्डाशी. पाठीला पाठ.

बारा वाजता वडिलांची आठवण आली. पोलीस ॲक्शनच्या वेळी मी पाळण्यात होतो. पुढं गावात पहिलं मतदान झालं तेव्हा वडील मत देऊन आले आणि आईनं विचारलं, कुणाला दिलं, तर म्हणाले, ते विचारायचं नसतं. आई म्हणायची, त्या दिवसापासून त्यांनी घरातही बोलणं कमी केलं. हसत सांगायची.

संध्याकाळी अण्णा येऊन गेले. बो.चं आणि आपलं अगदी जवळजवळ चाललंय म्हणतात. एकेक मताचा खेळ.

मशीन थांबलं. ही म्हणाली, "अहो, निवडून आले तर एक मागेन."

"काय?"

"लिंबापासून पुढचा पाईप आधी. माप तुम्ही काढायचं. माझ्यानं नाय व्हायचं ते."

बघू म्हटलं.

२३ मार्च, रविवार. सायंकाळी सहा.

मतदान पार पडलं. रांगा मोठ्या. बाया रांगेत उभ्या राहून बोटं हवेत दुमडत होत्या, आधी उभी, मग आडवी. एक-दोघींनी मला बघून मान हलवली. शिकवलेलं लक्षात आहे म्हणून.

मी साडेतीनला गेलो. बोटाला शाई, हातात कागद, पुठ्ठ्याच्या आडोशामागं. सहा ओळी. तिसरी मशीन. छापलेलं मशीन वाईट होतं, चाकाला चारच आरे. तिच्या नावाच्या पुढं माझं नाव. म्हणजे माझं नाव छापून आलंच, तिचं मधलं नाव म्हणून. ते बघत राहिलो.

शिक्का हातात किती वेळ होता सांगता येत नाही. साहेबांनी हाक मारली, "काका, झालं का?"

मारला. मशीनवर. चौकटीच्या मधोमध, कुठंही रेषेला न लागता. ते मी नीटच केलं. दुसऱ्या कुणाला द्यायचा विचार आलाही नाही, खोटं कशाला.

मग घडी. आडवी घातली. मधोमध. वरची कड खालच्या कडेवर, तिसरी ओळ चौथीवर. अंगठा फिरवला. शाई ओली होती.

हात चुकला असं लिहिणार नाही. पन्नास माणसांना शिकवलेला हात आहे. मग मुद्दाम केलं का? तसंही लिहवत नाही. माझं मत तिला मिळावं, पण आपोआप मिळू नये. कुणाला तरी ते वाचून दाखवावं लागावं. एवढंच त्या क्षणी होतं. पेटीच्या फटीत सरकवलं आणि बाहेर पडलो.

घरी आलो तर ही ओट्यावर, पाय पाण्यात घालून. दिवसभर उभी. वर्षा चहा करत होती.

"दिलं का मत?"

"दिलं."

पुढं विचारलं नाही. पाय पुसत म्हणाली, "उद्या मोजणीला टेबलाशी उमेदवाराचा एक माणूस बसवता येतो. अण्णा म्हणत होते, ते बसतात, त्यांना कायदा पाठ आहे. मी तुमचं नाव दिलं."

"अण्णाच बरे."

"नाय. कागद बाद करायला लागले, तर मूळ शिक्का कोणता नि उमटलेला कोणता, घडी बघून सांगणारं माणूस पाहिजे. ते तुम्हालाच कळतं. सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे." मग दुसरा पाय पुसत, "आणि माझं मत तिथंच आहे, तुमचंही. आपलं माणूस बरं."

माझ्याकडं बघून म्हणाली का पायांकडं, ते बघायला मी डोळे वर केले नाहीत.

मोजणी सकाळी आठ. सातला निघायचं. पिशवीत चष्मा, भिंग, पेन्सिली दोन, ओळखपत्र. मूळ ठसा गडद असतो. उमटलेला फिका आणि उलटा, भिंगाखाली लगेच कळतो. पण टेबलावर कुणीतरी तोंड उघडून सांगावं लागतं. समोर बो.चा माणूस असणार, तो बाद म्हणणार. कागद उघडला की तो कुणाचा हे खोलीत एकट्या मला कळेल.

की दोघांना, मला आणि हिला.

वर्षा विचारतेय, डब्यात काय देऊ. ही आतून म्हणाली, त्यांना भाकरीच दे, तिथं उशीर होईल.